लघुपट मुख्य चित्रपटाला जोडून दाखवायचा तर कुणाकडे जायचं?

तुमचा आठ मिनिटांचा लघुपट एखाद्या मराठी चित्रपटाआधी थिएटरात लावता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल, पण त्यासाठी थिएटरवाल्याकडे जाऊ नका. दिवसाला पाच खेळ धरले तर तुमची आठ मिनिटं म्हणजे त्याची चाळीस मिनिटं. तेवढ्या वेळात जाहिराती लावून त्याला पैसे सुटतात; तुमच्या लघुपटामुळे एक तिकीटही जास्त खपत नाही. मॅनेजर चहा पाजेल, 'बघू' म्हणेल आणि विषय तिथेच मिटेल.

तालुक्याच्या गावी आमच्या घरचंच टॉकीज होतं, त्यामुळे लघुपट दाखवायच्या सक्तीचा जमाना मी जवळून बघितलाय. मुंबईत १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन हे माहितीपट काढणारं सरकारी खातं सुरू झालं. थिएटरच्या परवान्यातच अट असायची, की मुख्य चित्रपटाबरोबर सरकारमान्य माहितीपट किंवा न्यूजरील, म्हणजे बातमीपट, दाखवायचंच. वर त्याचं भाडंही थिएटरनेच भरायचं, निव्वळ उत्पन्नाच्या एक टक्क्यापर्यंत. प्रकरण पार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९९ साली न्यायालयाने ही सक्ती वैध ठरवली.

कागदावर पाहिलं तर लघुपटाला याहून मोठा प्रेक्षक मिळणं नाही. प्रत्यक्षात प्रिंटा मोजक्या, त्या या थिएटरातून त्या थिएटरात फिरत राहायच्या. आमच्याकडे रिळांची पेटी येईपर्यंत बातमीतला पूर ओसरून नदी आटलेली असायची आणि ओरखड्यांमुळे पडद्यावर मात्र धो धो पाऊस. पब्लिकला सगळं ठाऊक होतं. 'डाक्युमेंट्री चालू आहे रे, थांब' म्हणत लोक बाहेर भजी खात उभे राहायचे आणि मुख्य सिनेमाचं सर्टिफिकेट पडद्यावर आलं की अंधारात एकमेकांच्या पायांवर पाय देत आत घुसायचे. रात्रीच्या शेवटच्या खेळाला तर आमचा ऑपरेटर ते रीळ चढवायचाच नाही. सुखदेव, प्रमोद पती यांच्यासारख्या माहितीपटकारांचं काम असल्याच पेट्यांतून गावोगाव गेलं. आज तेच महोत्सवांत रांगा लावून बघतात!

पिक्सार या अमेरिकेतल्या अॅनिमेशन कंपनीचं गणित वेगळं. तिथे लघुपट आणि मोठा सिनेमा दोन्ही एकाच घरचे, वितरकही घरचाच, डिस्ने. परवानगी मागायची कुणाकडे? शिवाय नवा दिग्दर्शक पारखून घ्यायला त्यांना लघुपट सोयीचा पडतो. डोमी शीचा 'बाओ' २०१८ साली 'इन्क्रेडिबल्स २'च्या आधी लागला, त्याला ऑस्कर मिळालं आणि पुढे तिला पूर्ण लांबीचा सिनेमा मिळाला. पण घरचा असला तरी लांबण लावून चालत नाही. २०१७ साली डिस्नेने पिक्सारच्या 'कोको'च्या आधी ओलाफ या बर्फाच्या बाहुल्याचा एकवीस मिनिटांचा सिनेमा लावला. प्रेक्षक इतके वैतागले, की मेक्सिकोतल्या थिएटरांनी तो काढूनच टाकला. आठ मिनिटं ठीक आहेत. सहा झाली तर आणखी बरं.

तेव्हा गाठायचा तो निर्माता किंवा वितरक, तोही ज्याचा सिनेमा अजून थिएटरांकडे रवाना झालेला नाही असा. दोन्हींचा प्रेक्षक जुळायला हवा. तमाशाप्रधान सिनेमाआधी तुमचा संथ, मूक लघुपट लावलात तर शिट्ट्या पडतील आणि त्या कौतुकाच्या नसतील. सेन्सॉरचं प्रमाणपत्र लघुपटालाही लागतं, ते आधीच काढून ठेवा. त्याशिवाय कुणी बोलणंच पुढे नेणार नाही.

आणि बोलणी जमली, तर एकाच गोष्टीवर अडून बसा: लघुपट मुख्य सिनेमाच्या फाइलमध्येच जोडून जाऊ द्या. वेगळी फाइल पाठवलीत तर ती प्लेलिस्टमध्ये टाकायची की नाही हे प्रोजेक्टरच्या केबिनमधल्या माणसाच्या मर्जीवर राहतं आणि सकाळचा खेळ पंधरा मिनिटं लांबला की सगळ्यात आधी कात्री तिलाच लागते.