टूरिंग मोटारसायकलसाठी कॅम निवडताना: लिफ्टपेक्षा इनटेक व्हॉल्व कधी बंद होतो ते पाहा

तुमची गाडी हार्ले-डेव्हिडसनच्या ट्विन कॅम १०३ इंजिनाची आहे, हेड व पिस्टन मूळचेच आहेत, बहुतेक प्रवास मागे जोडीदार आणि भरलेल्या पेट्या घेऊन २,२०० ते ३,२०० आरपीएमच्या दरम्यान होतो, आणि तुमच्यासमोर दोन कॅम (व्हॉल्व कधी व किती उघडायचे ते ठरवणारे दांडे) आहेत: एक कमाल अश्वशक्ती जास्त देणारा, दुसरा खालच्या आरपीएमला टॉर्क देणारा. माझे स्पष्ट मत दुसऱ्याच्या बाजूने आहे. त्यामागचे कारण सविस्तर सांगतो, म्हणजे पुढे तिसरा एखादा पर्याय समोर आला तरी तुम्हाला त्याची पारख करता येईल.

कॅमच्या माहितीपत्रकात लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व किती उचलला जातो त्याचा, आकडा ठळक छापलेला असतो, परंतु टूरिंगसाठी सर्वांत महत्त्वाचा आकडा इनटेक व्हॉल्व (मिश्रण आत घेणारी झडप) बंद होण्याच्या कोनाचा असतो. पिस्टन तळाला जाऊन पुन्हा वर चढू लागल्यावरही क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) आणखी काही अंश फिरेपर्यंत इनटेक व्हॉल्व उघडाच राहतो. आरपीएम जास्त असताना आत धावणाऱ्या हवेच्या वेगामुळे त्या काळातही सिलिंडर भरत राहतो. मात्र आरपीएम कमी असताना तो वेग नसतो आणि वर येणारा पिस्टन आत आलेले मिश्रण परत इनटेकमध्ये ढकलतो. खरे कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबले जाणे, व्हॉल्व बंद झाल्यावरच सुरू होते. त्यामुळे कागदावर सुमारे ९.६ असलेले तुमचे कॉम्प्रेशन, व्हॉल्व उशिरा बंद करणाऱ्या कॅमबरोबर प्रत्यक्षात बरेच कमी पडते आणि भरलेली गाडी चढावर सुस्त वाटू लागते.

तळबिंदूनंतर (पिस्टन सर्वांत खाली पोहोचल्यानंतर) २५ ते ३५ अंशांच्या दरम्यान इनटेक बंद करणारा कॅम तुमच्या इंजिनाला आणि वापराला मानवेल. ४५ अंशांच्या पुढचे कॅम वाढीव कॉम्प्रेशनची अपेक्षा ठेवतात. आकड्यांची तुलना करताना ते किती लिफ्टवर मोजले आहेत, हे मात्र आवर्जून पाहावे. हार्लेच्या कॅमसाठी ०.०५३ इंच ही रूढ पद्धत आहे. वेगळ्या लिफ्टवर मोजलेले कोन शेजारी ठेवले तर तुलना फसते.

मी स्वतः एकदा हीच चूक केली होती. डायनोच्या (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) आलेखातील शिखर पाहून उशिरा बंद होणारा कॅम बसवला, आणि ४,००० आरपीएमच्या वर गाडी खरोखरच सुंदर धावू लागली. परंतु सामान लादून ओव्हरटेक करताना, जिथे पूर्वी थ्रॉटल उघडणे पुरत असे, तिथे प्रत्येक वेळी एक गिअर खाली यावे लागे. एक मोसम काढून मी तो कॅम बदलला. म्हणून डायनोचा आलेख मागवाल तेव्हा २,००० ते ३,५०० आरपीएमचा पट्टा आधी वाचा. पाउंड-फूटमधील टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ५,२५२ म्हणजे अश्वशक्ती. या हिशेबाने २,६०० आरपीएमला मिळालेली १० पाउंड-फूटची वाढ जवळजवळ ५ अश्वशक्ती देते, आणि ती तुम्ही दिवसभर वापरता.

याला दुसरी बाजूही आहे. पुढेमागे पिस्टन बदलून कॉम्प्रेशन वाढवणार असाल, तर फार लवकर बंद होणारा कॅम आज घेऊ नका. उन्हाळ्यात जड ओझ्याखाली इंजिन नॉक करू लागेल (मिश्रण अवेळी पेटून ठोके देईल), आणि इग्निशन मागे घेऊन, म्हणजे ठिणगी उशिरा पाडून, ते थांबवताना मिळवलेला टॉर्क गमवावा लागेल.

लिफ्टबद्दल थोडक्यात सांगायचे तर, व्हॉल्वच्या मूळच्या स्प्रिंगसह चालणारे 'बोल्ट-इन' कॅम बहुधा ०.५५० इंचाच्या आसपास थांबतात. त्यापुढे जायचे असल्यास स्प्रिंग बदलणे आणि पिस्टन-व्हॉल्वमधील अंतर मोजणे आलेच.

खर्चाचा अंदाज केवळ कॅमच्या किमतीवरून बांधू नका. कॅम चेस्ट (कॅम बसतात तो इंजिनाचा कप्पा) उघडलेलीच असते, तेव्हा आतील नीडल बेअरिंग आणि लिफ्टर (कॅमवर टेकून वर-खाली होणारे, तेलाने भरलेले भाग) नवे घाला, कॅमची चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरचे शू झिजले आहेत का ते पाहा. अ‍ॅडजस्टेबल पुशरॉड (लिफ्टरची हालचाल वर व्हॉल्वकडे नेणारे, लांबी बदलता येणारे दांडे) घेतल्यास इंजिनाच्या माथ्यावरचे रॉकर बॉक्स उघडावे लागत नाहीत. चेनऐवजी गिअरने कॅम फिरवणाऱ्या गिअर ड्राइव्हचा मोह असेल, तर आधी डायल गेजने क्रँकचा रनआउट (फिरताना होणारा डगमग) मोजा, तो ०.००३ इंचापेक्षा जास्त भरला तर चेनवरच राहा. ईसीएमचे (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचे) ट्यूनिंग तर अपरिहार्य आहे, कारण हे इंजिन हवेचा अंदाज इनटेकमधील दाबावरून बांधते आणि कॅम बदलताच जुना तक्ता चुकीचा ठरतो.

काम स्वतः करणार असाल, तर एका सिलिंडरचे पुशरॉड जुळवल्यानंतर लिफ्टरमधील तेल निचरू द्या. ते दोन्ही पुशरॉड बोटांनी सहज फिरू लागेपर्यंत दुसऱ्या सिलिंडरसाठी इंजिन फिरवू नका. तेलाने ताठ झालेला लिफ्टर व्हॉल्व उघडा धरून ठेवतो आणि तो व्हॉल्व पिस्टनवर आदळू शकतो.