रात्री डोंगरावरून आपले कॉलेज ओळखता येते का?

ज्या कॉलेजात तीन वर्षे काढली, ते रात्री उंच डोंगरावरून पाहिल्यास नेमके ओळखू येईल का, असे आपण विचारले आहे. ओळखू येते, मात्र त्यासाठी इमारत शोधू नये. मी अमरावती जिल्ह्यातील परतवाड्याजवळ, वावरांच्या मधोमध असलेल्या एका कॉलेजात शिकलो. गेल्या कार्तिकात चिखलदऱ्याहून धामणगाव गढीच्या बाजूने घाट उतरताना वरच्या एका वळणावर थांबून मी ते पाहिले, त्यावरून लिहितो.

आधी मोठ्या खुणा लावून घ्याव्यात. परतवाडा आणि अचलपूर ही जोडशहरे वरून प्रकाशाचा एकच पसारा वाटतात. तेथून आपल्या ओळखीच्या रस्त्यावर नजर ठेवून खांबामागून खांब सरकत यावे. कॉलेज सुमारे १५ किलोमीटरवर असले, तर निरोगी डोळ्याला तत्त्वतः चार-पाच मीटर अंतरावरचे दोन दिवेही वेगळे दिसू शकतात, त्यामुळे नजरेला आडव्या जाणाऱ्या रस्त्याच्या खांबांवरचे दिवे सहज सुटे दिसतात.

खरी अडचण निराळीच आहे. आपण कॉलेजच्या डोक्यावर नसतो, फार तिरकस पाहत असतो. जवळपास ५०० मीटर उंचीवरून आणि १५ किलोमीटर अंतरावरून पाहताना परिसराची आडवी रुंदी तशीच राहते, परंतु आपल्यापासून दूर जाणारी २०० मीटरची खोली दबून सात मीटरांएवढी भासते. फाटक, ग्रंथालय आणि वसतिगृह जणू एकाच ओळीत येऊन बसतात. मीही आधी ग्रंथालयाचा दिवा शोधत राहिलो आणि चुकलो. शेवटी खूण पटली ती मैदानामुळे, कारण त्यावर दिवा नव्हता. फाटकाजवळचा जुना पिवळसर सोडियमचा दिवा आणि वसतिगृहाचे पांढरे एलईडी यांच्यामध्ये जी रुंद काळी पट्टी होती, तिची रुंदी मला पायांनी ठाऊक होती. तेथेच सकाळच्या एसटीतून उतरून आम्ही वर्गाकडे चालत जात असू.

आपणास जायचे असल्यास पावसाळा संपल्यानंतरचे दिवस निवडावेत, कारण धूळ धुऊन गेलेली असते आणि थंडीचा जोर वाढलेला नसतो. ऐन हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा अधिक गार होते, ती वर चढत नाही, आणि चुलींचा धूर त्या थरात अडकून दूरचे दिवे पुसट होतात. चांदण्या रात्रीपेक्षा अंधारी रात्र बरी.

आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे हलणारे दिवे. शेतीपंपांना अनेकदा रात्रपाळीत वीज मिळते, म्हणून कॉलेजच्या भोवतालच्या वावरांतून बॅटऱ्या फिरत असतात. आमच्या वर्गातील कितीतरी मुले रात्रभर हरभऱ्याचे ओलीत करून सकाळी आठच्या तासाला येऊन बसत, आणि त्यांना डुलकी लागली म्हणजे इतिहासाचे आमचे सर आवाज हळू करीत. या वागण्याचे मोल मला तेव्हा कळले नव्हते. त्या रात्री मैदानाच्या काळ्या पट्टीपलीकडे अशीच एक बॅटरी धुऱ्याधुऱ्याने पुढे गेली, मधेच थांबून बराच वेळ मंद झाली आणि मग परत फिरली. कोणीतरी पाण्याचा दांड फोडून पाणी पुढच्या वाफ्यात वळवले असावे.