सहा लाख घेऊन सही करायची का?

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. धाकट्या बहिणीचे मिस्टर, वय ३७, कर्जतकडच्या एका रिसॉर्टच्या पूलमध्ये बुडून गेले, तीन आठवडेही झाले नाहीत तोवर मालकाचा माणूस सहा लाखांचा चेक आणि 'आमची काही तक्रार नाही' असं लिहिलेला स्टँप पेपर घेऊन दारात. आणि ओळखीतला एकजण म्हणतोय चाळीस लाख मिळवून देतो, २५ टक्के माझे. फार वाईट वाटलं वाचून.

माझं मत, दोघांनाही आत्ता नाही म्हणा.

बहिणीला सही करावीशी का वाटते ते कळतं, होमलोनचा १४,००० चा हप्ता, दोन लहान मुलं, सासूबाई. म्हणून आधी हप्त्याचं बघू. त्यांचा पीएफ कापला जायचा ना, मग वर्षभर तरी सलग नोकरी झालेली असेल तर ईडीएलआयचे, म्हणजे पीएफसोबतच्या विम्याचे, अडीच ते सात लाख बहिणीला मिळतात, मृत्यू कशानेही झालेला असो, शिवाय पीएफची शिल्लक आणि विधवा पेन्शन वेगळं. मग त्यांच्या बँकेचं स्टेटमेंट काढा आणि मे-जूनमध्ये २० रुपये किंवा ४३६ रुपये कापलेत का बघा, लोकांना आठवतही नसतं, पण २० वाली सुरक्षा बिमा आणि ४३६ वाली जीवनज्योती, दोन्हीत दोन-दोन लाख आहेत. होमलोनसोबत विमा दिला होता का तेही बँकेत विचारा. यातलं निम्मं जरी आलं तरी दोनेक वर्षांचे हप्ते निघतात आणि मग सहा लाखांसाठी कोणापुढे मान खाली घालावी लागत नाही.

आता सहा लाख कमी का म्हणतोय ते. मोटार अपघातात कोर्ट जो हिशोब लावतं तो धरला तर पगार ३०,०००, वर्षाचे ३.६ लाख, घरात चौघं अवलंबून म्हणून त्यांचा स्वतःचा खर्च पाव भाग वजा, राहिले २.७ लाख, आणि ३७ वयाला ते १५ ने गुणतात, झाले साडेचाळीस लाख. आपली तक्रार रिसॉर्टविरुद्ध ग्राहक आयोगात जाईल, तो एवढे देईलच असं नाही, कमीही देईल, वर्षंही जातील. पण आकडा कुठून सुरू होतो ते कळलं.

तक्रारीला घटनेपासून दोन वर्षं आहेत, बहीण राहते त्या जिल्ह्यातही करता येते, आणि तिकिटाचे पैसे पाच लाखांच्या आत असल्याने फी शून्य. वकिलाला निकालाच्या रकमेत टक्केवारी घ्यायला बार कौन्सिलची मनाई आहे, त्यामुळे त्या २५ टक्केवाल्यापासून लांबच राहा. बाईमाणसाला उत्पन्न कितीही असलं तरी सरकारकडून वकील फुकट मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन करा.

घाई करायची ती पुराव्यांची. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं, म्हणून ते जप्त करा असा लेखी अर्ज पोलिसांना आजच द्या, पोच घ्या. पंचनामा, पोस्टमार्टेम रिपोर्ट, एंट्रीचा यूपीआय स्क्रीनशॉट, आणि लाइफगार्ड होता का, पाणी किती खोल याचा बोर्ड होता का हे सोबतच्या मित्रांकडून आत्ताच लिहून घ्या. दारू घेतली होती का हे वकिलाला खरं सांगा, व्हिसेरा रिपोर्टमध्ये, म्हणजे पोस्टमार्टेमवेळी घेतलेल्या नमुन्यांच्या तपासणीत, येतंच.

मालक पुढे १८-२० लाखांवर आला तर मी घ्या म्हणेन, पण वकिलासमोर, डीडीने, आणि निम्मे मुलांच्या नावे एफडीत. तोवर त्या स्टँप पेपरचा फोटो काढून ठेवा आणि बहिणीला एकटीला त्याच्याशी बोलू देऊ नका.