ससा वाळलेले गवत खात नसेल तर
सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवताचे लांब तंतू दाढांनी आडवे रगडून खाल्ल्यानेच त्यांची योग्य झीज होते. ती न झाल्यास दाढांना टोकदार कडा येऊन जीभ व गाल सोलवटतात. तयार गोळ्यांच्या खाद्याने पोट भरले की ससा गवताकडे वळत नाही, म्हणून ते हळूहळू कमी करावे. वाळलेले गवत हिरवट व सुवासिक असावे, रोज नवे घालावे, व ते शौचपेटीला लागूनच ठेवावे, कारण लेंड्या टाकता टाकता चघळत बसणे ही सशांची सवयच असते. माझ्या मते हाच सर्वांत हमखास उपाय आहे. गवतात पुदिन्याची दोन-चार पाने खोचल्यास हुंगता हुंगता काड्याही तोंडात जातात. उपाशी ठेवून हट्ट मोडण्याचा प्रयत्न मात्र कदापि करू नये. ससा 12 तास काहीच खात नसेल, लाळ गळत असेल किंवा काडी तोंडात घेऊन टाकून देत असेल, तर तो नखरा न समजता त्याला तातडीने पशुवैद्यांकडे न्यावे.