भोंग्याचा डायाफ्राम पुन्हा पुन्हा का जातो?

प्रश्न : आमच्याकडे 16 ओहम, 30 वॉटची युनिटं (भोंग्यामागचा आवाज काढणारा भाग) असलेले जुने अ‍ॅल्युमिनियमचे भोंगे आहेत, तोंड 20 इंची. पूर्वी त्यावर सूचना आणि भजनं चालायची. आता गड्ड्याच्या यात्रेत गाणी लावली की आवाज फाटतो, डायाफ्राम (युनिटमधला हलणारा पातळ पडदा) टिकत नाही. जास्त वॉटचं युनिट घ्यावं का?
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : वॉट वाढवून काही साधणार नाही, नुसते पैसे जातील. तुमच्या भोंग्याच्या तोंडाचा परीघ साधारण 160 सेंटिमीटर. तेवढ्या लांबीची ध्वनिलहर म्हणजे सुमारे 215 हर्ट्झ. प्रत्यक्षात मर्यादा याच्याही थोडी वर धरा. त्याखालच्या ढोल-बेसला भोंग्यातली हवा डायाफ्रामवर रेटाच देत नाही. मग तो मोकाट हलतो, समोरच्या फेज प्लगवर (पडद्यासमोरचा पक्का बसवलेला तुकडा) आपटतो आणि त्याला चिकटलेल्या कॉईलची तार मुळाशी तुटते. भोंगा काढून नुसतं युनिट मोठ्याने वाजवून बघणारे कारागीर असतात; तिथेही हेच होतं.

उपाय स्वस्त आहे. युनिटच्या एका तारेत 33 मायक्रोफॅरड, 100 व्होल्टचा नॉन-पोलर कपॅसिटर सिरीजमध्ये जोडा; 300 हर्ट्झच्या खालचा आवाज उतरत जाईल. साधा प्लस-मायनसवाला कपॅसिटर चालणार नाही. लांबच्या वायरिंगसाठीचा 100 व्होल्ट लाइनचा ट्रान्सफॉर्मर युनिटवर असेल, तर 30 वॉटच्या टॅपला (त्यावरच्या जोडणीला) कपॅसिटर लाइनच्या बाजूला घ्या, 1.5 मायक्रोफॅरड, 250 व्होल्टचा.

नवा डायाफ्राम बसवण्याआधी चुंबकातली, कॉईल जिथे हलते ती फट बघा. जाड कागदाच्या पट्टीला चिकटपट्टी उलटी गुंडाळून फटीत गोल फिरवा. लोखंडाचा कीस तिला चिकटून येतो, फुंकून तो निघत नाही. डायाफ्रामखालचं वॉशर आहे तेच ठेवा. जाड घातलं तर वरचे सूर मंदावतात, पातळ घातलं तर डायाफ्राम प्लगला घासतो. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. मग भोंगा लावून 500 हर्ट्झचा सूर अगदी हळू सोडा. खरखर आली तर स्क्रू सैल करून डायाफ्राम केसभर सरकवा. अल्निको चुंबकाची लोखंडी प्लेट मात्र सोडवू नका, चुंबकाचा जोर कायमचा उतरतो.

प्रश्न : ट्रान्सफॉर्मर नसलेलं 16 ओहमचं युनिट मल्टिमीटरवर 12 दाखवतं. कॉईल शॉर्ट आहे का?

उत्तर : नाही. 16 ओहम हा आवाजाच्या, म्हणजे एसी प्रवाहाला होणारा विरोध; मीटर डीसीचा मोजतो, तो कमीच येतो. 11 ते 13 ठीकच. तार हलवल्यावर आकडा नाचत असेल, तर ती तुटायला आली आहे.