अमेरिकेतला तो निधी आणि तुझ्यासाठीचे पैसे

प्रिय विद्यार्थिनीस,

अमरावतीहून आलेलं तुझं पत्र वाचलं. मानसशास्त्र घेऊन तू बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहेस. अमेरिकेत मानसिक उपचारांतला वंशभेद मिटवण्यासाठी निधी दिला जातो असं तुझ्या वाचनात आलं. ‘मी बौद्ध समाजातली, माझ्याही घरात हा प्रश्न आहे, मग त्या निधीतून मला तिथे शिकता येईल का?’ असं तू विचारतेस. बी.एड. करून इथेच नोकरीला लाग, असं आईचं म्हणणं.

आधी स्पष्ट सांगते, तो निधी तुला मिळणार नाही. यातली एक जुनी आणि नावाजलेली योजना म्हणजे तिथल्या केंद्र सरकारचा ‘मायनॉरिटी फेलोशिप प्रोग्रॅम’. तिच्यासाठी अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. विद्यार्थी व्हिसावर जाणारी मुलगी कितीही हुशार असली तरी तिचा अर्ज तिथे चालत नाही. कुणी एजंट ‘मिळवून देतो’ म्हणाला तर त्याला एक रुपयाही देऊ नकोस.

तरी या योजनेचा इतिहास तू जरूर वाच, कारण तुझ्या प्रश्नाशी त्याचं नातं आहे. 1969 मध्ये कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञांनी आपली वेगळी संघटना उभी केली. डॉ. चेस्टर पिअर्स तिचे पहिले अध्यक्ष. आमच्या लोकांवर उपचार करायला आमच्यातले डॉक्टर तयार करा, ही त्यांची मागणी होती. त्या रेट्यातून 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ही फेलोशिप सुरू झाली. मानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजकार्य, नर्सिंग अशा शाखांतल्या विद्यार्थ्यांना तिच्यातून पैसे मिळत गेले. हे पैसे शिबिरं-पोस्टरांवर न जाता माणूस शिकवण्यावर गेले, ही मला या योजनेची सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

त्याची गरज का होती, ते असं बघ. एक कृष्णवर्णीय माणूस डॉक्टरांसमोर बसलाय. महिनोन्‌महिने झोप नाही, जगण्यात रस नाही. त्यात तो म्हणतो, ‘रस्त्यावर पोलीस माझ्यावर नजर ठेवतात.’ त्याच्या वस्तीत ते खरंही असतं. पण ती वस्ती कधी न पाहिलेला डॉक्टर तो संशय आजाराचं लक्षण समजतो आणि नैराश्याच्या जागी स्किझोफ्रेनिया हा वेगळा, गंभीर मनोविकार लिहून मोकळा होतो. मग गोळ्या वेगळ्या आणि शिक्काही जन्माचा. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाच्या 2019 च्या संशोधनात तीव्र नैराश्याच्या कृष्णवर्णीय रुग्णांबाबत हीच चूक जास्त होते असं दिसलं. आता या माणसाच्या जागी आपल्याकडची वसतिगृहातली मुलगी ठेव. ‘सगळे माझ्या आडनावावरून बोलतात’ असं ती सांगते आणि समुपदेशक वहीत ‘अतिसंवेदनशील’ असं लिहितो. तुझ्या पत्रातली कळकळ इथूनच आली आहे, असं मला वाटतं.

आता पैशांचं. जानेवारी 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशांनंतर अमेरिकेत वंश, विषमता या विषयांवरच्या अनेक सरकारी अनुदानांवर गदा आली आहे. त्या वाटेकडे डोळे लावून बसण्यापेक्षा आपल्या हक्काच्या योजना बघ. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आतल्या विद्यापीठात प्रवेश लागतो. मानसिक उपचारांत समाजकार्याच्या वाटेनेही जाता येतं, आणि अमेरिकेतल्या कोलंबिया आणि मिशिगन या दोन्ही नामांकित विद्यापीठांत समाजकार्याचं शिक्षण उत्तम आहे. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब 1913 मध्ये गेले, तेच हे कोलंबिया. उत्पन्नाची मर्यादा आणि क्रमवारीची अट बदलत असते, म्हणून त्या वर्षीची जाहिरात शब्दन्‌शब्द वाच. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपही आहे. मात्र भारतीय समाजावरचे संशोधनविषय तिच्या 2022 च्या नियमावलीने वगळले. ‘जात आणि मानसिक आरोग्य’ हा विषय तुझ्या मनात असेल तर ताजी नियमावली बघितल्याशिवाय तिच्यावर विसंबू नकोस.

प्रवेशाइतकाच व्यवसायाच्या परवान्याचाही विचार कर. यावर आपल्या मुली फार क्वचित विचार करतात. अमेरिकेत एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झाल्यावर लगेच स्वतंत्रपणे थेरपी देता येत नाही. कॅलिफोर्नियात त्यासाठी देखरेखीखाली 3000 तास आणि किमान 104 आठवडे काम करावं लागतं. समाजकार्याच्या पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावर कामाची मुभा मात्र साधारण 12 महिनेच. वर्ष संपतं, तेव्हा 104 पैकी निम्मेच आठवडे भरलेले असतात. त्यामुळे तिथे शिकून इथे काम करायचं की तिथेच राहायचं, हे अर्ज भरण्याआधी ठरव. इथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. परदेशी पदवी तिथे चालेल का, हे परिषदेला लेखी विचार आणि उत्तर जपून ठेव.

माझा सल्ला असा की पदव्युत्तर शिक्षण आधी इथेच कर. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतला मानसिक आरोग्याचा समाजकार्य अभ्यासक्रम बघ. भारत सरकारच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीचा अर्ज राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरता येतो, आणि त्यासाठी जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव. त्याआधी, या सुट्टीत नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जाऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेट. त्यांचा दिवस कसा जातो, नातेवाईक काय विचारतात, घरी सोडलेला रुग्ण परत का येतो, हे त्यांच्याच तोंडून ऐक. शिक्षणानंतर इथल्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव गाठीशी असेल तर परदेशातल्या अर्जातही तुझं म्हणणं वजनदार होईल.

आईंनाही त्या भेटीला सोबत ने. त्यांची काळजी पगाराची आहे आणि ती रास्त आहे. तिथल्या पदांना पगार काय मिळतो, भरती कशी होते, हे त्यांनाच विचारू दे. त्यानंतर बी.एड.बद्दल काय ठरलं ते मला कळव.