मायक्रोसर्व्हिसेसच्या जमान्यात सरकारी प्रकल्पांसाठी एसओए शिकण्यात अर्थ आहे का?

अर्थ आहे. एसओए म्हणजे वेगवेगळ्या सिस्टिम्सनी ठरलेल्या करारानुसार एकमेकांना सेवा देणं; मायक्रोसर्व्हिसेस म्हणजे एकच सॉफ्टवेअर अशा छोट्या-छोट्या सेवांत तोडणं. पण एसओए म्हणजे ईएसबी (सिस्टिम्समधले संदेश वाहून नेणारं, वाटेत बदलणारं मधलं सॉफ्टवेअर, थोडक्यात ‘बस’) विकत घेणं असं तुम्हाला कुणी शिकवत असेल, तर फी परत मागा.

2011 साली मी एका राज्य सरकारच्या प्रकल्पावर होतो. दाखल्यासाठी अर्ज आला की शेतकऱ्याचं नाव जमिनीच्या नोंदींच्या सर्व्हिसमधून यायचं. डेमोला मोठे अधिकारी बसलेले. कॉल यशस्वी, लॉग स्वच्छ, आणि नावाच्या जागी पौंडाची चिन्हं, उलटी प्रश्नचिन्हं! मूळ नोंदी युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांसाठीच्या सामायिक सांकेतिक पद्धतीच्या) आधीच्या फाँटमध्ये टाइप झालेल्या. डब्ल्यूएसडीएलमध्ये, म्हणजे सर्व्हिस काय देणार हे सांगणाऱ्या करारात, लिहिलेलं ‘स्ट्रिंग’, म्हणजे नुसती अक्षरांची ओळ, आणि स्ट्रिंग तर आलीच होती. करार पाळला म्हणून दोन्ही खाती मोकळी.

मी म्हटलं, डेटा ज्यांचा, त्यांनीच तो युनिकोडमध्ये करून द्यावा. आमचे आर्किटेक्ट साहेब म्हणाले, “कशाला वाद? बसवर टाक.” टाकलं. तीन आठवडे अक्षरांचा नकाशा करत बसलो. ‘शिर्के’ घ्या. जुन्या फाँटमध्ये वेलांटी ‘श’च्या आधी आणि रफार सगळ्यात शेवटी, युनिकोडमध्ये वेलांटी ‘श’नंतर आणि रफाराचा ‘र’ ‘क’च्या आधी. एकाच आडनावात दोन्ही दुखणी.

चार महिन्यांनी त्या खात्याने सगळा डेटा स्वतःच युनिकोडमध्ये आणला. आम्हाला कळवलं नाही. माझ्या कन्व्हर्टरला ओळखीचं एकही अक्षर सापडेना, म्हणून तो नावं कोरी पाठवू लागला. शनिवारी फोन कुणाला आला? मलाच.

एस्टोनियाचं एक्स-रोड, म्हणजे सरकारी खात्यांनी एकमेकांना माहिती द्यायची यंत्रणा, 2001 पासून चालू आहे. तिथे सगळ्यांचा डेटा ओतायचा मधला हौद नाही. प्रत्येक खात्याचा डेटा त्याच्याकडेच, दारात एक सिक्युरिटी सर्व्हर, आणि खात्या-खात्यांत थेट सही केलेले संदेश. तीच माहिती गोळा करायला दुसरा डेटाबेस उभारायला तिथल्या कायद्यातच मनाई आहे. आधी डेटाचा मालक ठरला की सोप वापरा नाहीतर रेस्ट (संदेश पाठवायच्या दोन पद्धती), फरक किरकोळ.

तेव्हा शिकायचं तर कराराच्या आवृत्त्या कशा सांभाळायच्या, टाइमआउट झाल्यावर तीच विनंती दोनदा गेली तर काय, आणि फील्डचा अर्थ कोण ठरवणार, हे शिका. यूडीडीआयवर (सर्व्हिसेस शोधायच्या डिरेक्टरीवर) वेळ घालवू नका. मोठ्या कंपन्यांनी त्याची सार्वजनिक रजिस्टरं 2006 मध्येच बंद केली.

बस सगळीकडेच वाईट असं नाही हं. जुन्या मेनफ्रेमला हात लावता येत नसेल, तर मध्ये काहीतरी लागतंच. आणि नोकरीचं विचाराल तर टेंडरमध्ये एसओए, ईएसबी हे शब्द अजून असतात, सीव्हीत राहू द्या.

परवा एका लग्नात साहेब भेटले. आता मायक्रोसर्व्हिसेसवर व्याख्यानं देतात. मी शिर्क्यांची आठवण काढली, तर म्हणाले, “आता ते एपीआय गेटवेवर (हल्लीच्या मधल्या दारावर) टाकता आलं असतं.”